स्टोरेज भरलंय

वनाजला मेट्रोत बसले तेव्हा फोन म्हणाला,
स्टोरेज भरलंय.
म्हटलं, माझंही.

रामवाडी येईपर्यंत निदान चारशे फोटो
काढून टाकायचे ठरवलं :
बिलं, औषधांच्या चिठ्ठ्या, पार्किंगमधल्या खांबाचा नंबर,
फलटणच्या वर्कशॉपला पोरांनी काढलेल्या बकऱ्या
(एकीला पाच पाय, एकीला मिशा),
चिपळूणच्या स्टँडमागच्या भिंतीवरचं शेवाळ,
सतरा वेळा तेच शेवाळ,
कारण त्यातला हिरवा मला अजून कालवता आलेला नाही.
शेवाळ ठेवलं. बिलं गेली.
एक भरायचं राहिलं होतं, ते नंतर कळलं.

शर्वरी ग्दान्स्कहून बर्फाचे फोटो पाठवते.
मी विचारते, सावली कुठल्या रंगाची गं?
आई, बर्फाची सावली, पांढरीच असणार.
मग दोन दिवसांनी, रात्री दीड वाजता,
एकच शब्द : जांभळट.
तो काही फोटो नाही, जागाही खात नाही,
पण मी तो तारांकित करून ठेवलाय.

गरवारेनंतर नदी येते.
काल प्रणितनं एक चित्र पाठवलं होतं.
आत्या, मशीनला सांगितलं, तुझ्यासारखं काढ. बघ.
बघितलं.
पूल माझा, पुलावरचे कावळे माझे,
उजव्या कोपऱ्यात पाणी सांडल्यासारखी
कोरी सोडलेली जागासुद्धा माझीच.
ती सोडायला शिकण्यात माझी वीस वर्षं गेली.
राग नाही आला. थोडं दचकायला झालं,
आपलाच आवाज पहिल्यांदा टेपवर ऐकल्यासारखं.
फक्त मुठा निळी होती.
इतकी निळी मुठा मी जन्मात पाहिली नाही.

खात्री करायला खिडकीतून वाकले.
काळपट, जलपर्णीच्या कडेनं फेस,
धरणातून पाणी सोडलं की चार दिवस
दूध जास्त झालेल्या चहासारखी.
प्रणितला लिहिलं : छान. नदी चुकली.
त्यानं अंगठा पाठवला.

दादा रोज सातला व्हिडिओ कॉल करतात.
म्हणजे पंखा दिसतो. कधी कान.
आणि प्रश्न एकच : आज काय काढलंस?
नाना पेठेत त्यांनी चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या.
सायकल मार्ट, दवाखाना, पीठगिरणी.
त्यांचा ळ असा होता की गिऱ्हाईक म्हणायचं,
नावात नसला तरी एक घाला कुठंतरी.
फ्लेक्स आलं त्या वर्षी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवले.
रॉकेल उडून गेलं, डबा गंजला,
ब्रश तसेच उभे.
फ्लेक्सला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.
एकदाच म्हणाले, उंचावर जाणारं अक्षर
जरा लांबट काढावं लागतं, खालून बघणाऱ्यासाठी.
त्याला कोण सांगणार, वर कोण नि खाली कोण.

काही दिवस मी काहीच काढत नाही.
मग सांगते, रेषा काढल्या.
किती?
बऱ्याच.
ते विश्वास ठेवतात, की ठेवल्यासारखं करतात,
हे पंख्यावरून कळत नाही.

रामवाडीला उतरलेच नाही.
समोर एक बाई झोपली होती, मांडीवर मेथीची जुडी,
स्टेशन आलं की झोपेतच जुडी घट्ट धरायची.
तिकिटामागं तिचा हात काढायला घेतला,
अंगठा साधला, तेवढ्यात ती मंगळवार पेठेला उतरली.
अंगठा राहिला.

सातला पंखा आला.
आज काय काढलंस?
काढले नाहीत दादा, काढून टाकले. तीनशे बारा फोटो.
पंखा खोकल्यासारखं हसला.
आणि ठेवलंस काय?
शेवाळ. रंग जमत नाहीये.
बराच वेळ कान दिसला.
मग म्हणाले, हिरव्यात चिमूटभर काव टाकून बघ.
बघते, म्हटलं.
पंखा फिरत राहिला.
फोन बंद कसा करायचा, ते त्यांना अजून येत नाही,
आणि मीही केला नाही.