सतरा नंबरचा पाना

दिघोरीच्या शाळेत संगणक चार, चालू एक.
त्याच्यासमोर देवांगना नेवारे, नववी ब.
बोडीचं पाणी कोणत्या बांधीला कोणत्या वारी,
याचा प्रोग्राम लिहिते आहे.
काल चालला. आज नाही.
"कॅलेंडर बलावतो जी सर,
अन् ते म्हणते, त्याच्यात महिनाच नाही."

पाळ्यांची यादी तिनं सकाळीच वेगळ्या फाइलीत टाकली होती.
फाइलचं नाव?
"कॅलेंडर."

मला बाबा आठवले.
इंजिनाखाली उताणे, नुसते पाय बाहेर:
"सतरा नंबरचा पाना आण बे."
आधी बघायचं, त्यांच्याच उशाशी तर नाही पडलेला.
मग आपली पेटी.
मग हिरामणकाकाचं आवार, सोसायटीचं गोदाम,
आणि शेवटी सायकल काढून लाखांदूर.
मिळाला की थांबायचं.
पुढच्या घरी याहून चांगला असेल,
असं म्हणत कोण हिंडतं भर उन्हात?

एकदा पेटीतच मिळाला.
वर सतरा कोरलेलं, तोंड झिजून झिजून अठराचं.
मी धावत नेला.
नट गोल झाला.
बाबा बराच वेळ बोलले नाहीत,
मग म्हणाले, "नाव तं बराबर होतं."

देवांगनाला एवढंच म्हणालो:
ही भाषाही आधी आपल्याच घरात पाहते.
तिचं खरं कॅलेंडर दूर, यादीतल्या शेवटच्या वाटांवर,
लीप वर्षं, अधलेमधले रविवार सांभाळत बसलेलं.
तुझं उंबऱ्यातच उभं,
खिशात चार ओळी:
सोमवार कोरे, मंगळवार शहारे.

"मंग पुसू का याले?"
पुसू नको. नाव बदल.

तिनं 'नेवारेबोडी' केलं.
पुन्हा चालवलं. तेच.
माझ्याकडे पाहिलं, जसं मी बाबांकडे पाहायचो.

हां. उशाशी.
एकदा आत आलेलं ती पुन्हा शोधत नाही,
आहे तेच पुढं करते.
सगळं बंद कर, नव्यानं उघड.

नोव्हेंबर आला, तीस दिवसांचा, रांगेत.
गुरुवारपुढं शहाऱ्यांची बांधी.
"पर शहारे तं मंगळवारी," ती म्हणाली,
आणि यादी उघडून बसली.
ती चूक तिची होती, मी गप्प राहिलो.

तो गोल नट अजून आहे इंजिनाला.
छिन्नीनंच सुटतो.