कोळंबी-०३

फुजैराला बाहेर अडतीस, आत एकवीस.
पहाटे पावणेचारला मी स्कॅन सोडतो.
एकेका पत्त्यावर टकटक:
कोण आहे? कोण आहे?

होस्टला मी मनातल्या मनात यजमान म्हणतो.
लोखंडी, घोरणारे, अठ्ठेचाळीस यजमान
आणि त्यांच्या पोटात सहाशे बारा पाहुणे.
कुणी बँकेचा, कुणी विमानतिकिटांचा,
एक नुसता खजुराच्या गोदामाचा हिशेब ठेवणारा.
जेवतात एकाच पंगतीत, पण प्रत्येकाला वाटतं
घर आपल्या एकट्याचं.
यजमान दमला की पाहुण्याला
चालत्या कामासकट दुसरीकडे हलवतात.
त्याला पत्ता लागत नाही.
मला दोनदा हलवलं, तेव्हा लागला होता.

आज मोजणीत सहाशे तेरा.

रोवेनाने पुन्हा मोजलं. तेराच.
तिसऱ्या रांगेतल्या जुन्या यजमानाकडे
अर्ध्या जीबीवर गुजराण करणारं कुणीतरी,
सोळाशे दिवस एकदाही न निजलेलं.
मालक: रिकामं. कशासाठी: रिकामं.
नाव: कोळंबी-०३.
"म्हणजे?" रोवेनाने विचारलं.
मी सांगितलं. हसली. म्हणाली, आमच्याकडे हिपोन.
मग एक आणि दोन कुठे, यावर
दोघंही जरा गप्प.

नियम साफ आहे: बिनमालकाचं दिसलं, बंद करा.
बंद करण्याआधी दार किलकिलं केलं.
आत एकच काम. दर दहा मिनिटांनी एक आकडा.
०४:०० ला ३.१२
०४:१० ला ३.१७
०४:२० ला ३.२२
तापमानाशी जुळेना, विजेशी जुळेना.

पाचला हमद अल-धनहानी आले, हातात फिंजान.
पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले.
"पाणी आहे हे. भरतीचं.
पण आमचं नाही. साडेतीन मीटर इथे चढलं
तर मासळीबाजारात गुडघाभर होईल."
त्यांचे वडील होडीवर होते. पुढे काही विचारलं नाही त्यांनी.

तेव्हा मला मोरेश्वर तांडेल आठवला.
माझ्या आधी या खुर्चीत बसायचा;
खुर्चीचा डावा हात त्यानेच मोडला, असं सगळे सांगतात.
गाव आगरदांड्याकडे, खाडीला लागून.
जाऊन चार वर्षं झाली. गेला म्हणजे
घरी की कॅनडाला, नीट कुणालाच ठाऊक नाही.
इतकी वर्षं त्याच्या खाडीचं पाणी
कुणी न सांगता गणिताने काढत बसलेलं हे.

मी त्याला देखरेखीत घेतलं.
मालकाच्या रकान्यात हमद म्हणाले, पाहुणा लिही.
रकाना फक्त आकडे घेतो.
माझा कामगार क्रमांक टाकला.
इशारा लावला: दोन तास आकडा आला नाही
तर मला उठवा.
उठून काय करायचं, ते तेव्हा बघू.

०५:४० ला तिकडे ओहोटी लागली.
पाळी संपवून बाहेर आलो तर इथला समुद्र,
तोच आहे म्हणतात,
अजून चढतच होता.