उजवा गाल

आधी सगळे म्हणाले, गालगुंड.
झुग्दिदीच्या दवाखान्यातल्या बाईंनीही तेच लिहून दिलं,
शेजारच्या त्सियालाने भाजलेल्या मिठाची पुरचुंडी आणली.
गालगुंड आठवड्यात उतरतं.
हे कानाच्या पाळीखाली बसून राहिलं,
जर्दाळूच्या बीएवढं, टणक,
न दुखता.

तिबिलिसीला रात्रीच्या गाडीने.
डॉक्टर मेदेआ एकेक सांगत गेल्या:
भुवया वर कर. डोळे गच्च मीट.
दात दाखव. गाल फुगव. शीळ घाल.
शीळ आली नाही.
आम्हा दोघांचा श्वास अडकला,
तर तेकले म्हणाली,
"मला कधीच येत नाही."

मग डॉक्टरांनी आपला पंजा
तिच्या गालावर अलगद ठेवला.
चेहऱ्याची नस अशी पसरते, म्हणाल्या,
पाच फांद्यांनी.
गाठ त्यांच्याच कुशीत आहे.

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.
गेल्या वसंतात
बोंदोच्या झाडाचे हिरवे आलुबुखार चोरले म्हणून
त्याच गालावर
माझी पाच बोटं उठली होती.

त्याने तर नाही ना,
एवढं विचारायला मला
दोनदा जिना उतरून चढावा लागला.
"नाही हो. मारल्याने गाठ होत नाही."
मग चश्मा पुसत,
"तरी मारू नका."

कर्करोग, पण आळशी जातीचा, असं त्या म्हणाल्या.
आमच्या घरात आळशी ही शिवी होती.
त्या दिवसापासून नाही.

सात तास.

शुद्धीवर आली तेव्हा अर्धंच हसली.
दोन महिन्यांनी पाऊण.
उरलेलं पाव मोजणं
आम्ही सोडून दिलंय.

एक मात्र राहिलं.
कापलेल्या बारीक नसा पुन्हा वाढताना वाट चुकल्या;
तोंडाला सुटायचं पाणी
गालाला सुटतं.
आंबट नुसतं दिसलं तरी
व्रणापुढची कातडी लाल होते,
घामाचे मणी फुटतात.
शाळेतली पोरं मीठ लावलेले आलुबुखार
तिच्या नाकाशी धरतात, तमाशा बघायला.
ती आधी आलुबुखार खाते,
मग गाल दाखवते.

काल जेवताना मान माझ्याकडे वळवून म्हणाली,
"पूस ना."
रुमाल खिशातच होता.
मी हात पुढे केला.
ती मागे सरली नाही.