बॅटरी धर

रविवारी सकाळी जुन्या बाजारातून
चाळीस रुपयांना एक मेलेला मिक्सर आणते.
विकणारा बजावतो, "ताई, चालत नाही हं हा."
म्हणते, "म्हणून तर घेतेय."

दापोडीत, रेल्वे रुळांच्या अलीकडे,
समाजमंदिराच्या मागच्या खोलीत
सतरंजीवर सात जण वाट बघत असतात.
सगळ्यात मोठी अल्मास, सात वर्षांची.
सगळ्यात लहान प्रज्ञेश, दुधाचा एकही दात
अजून पडलेला नाही त्याचा,
पण चपटा कुठला, चारफुलीचा कुठला,
हे तो लांबून सांगतो,
मावशी कुठली, आत्या कुठली सांगावं तसं.

हत्यारं खरी आहेत.
बोहरी आळीत एकेक हातात धरून निवडलेली,
छोट्या मुठीत मावतील अशी, पण खरी.
पक्कड चावते. कानस सोलते.
पहिल्याच आठवड्यात एका आईनं दारातून विचारलं,
"प्लॅस्टिकची नाही का मिळत?"
मिळतात.
प्लॅस्टिकचा पाना नटावरून घसरतो
आणि पोराला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.
(हे तेव्हा सुचलं नाही.
तेव्हा मी तिला मलमपट्टीचा डबा दाखवला.)

नियम तीन.
प्लग मी घरीच कापून आणते, त्यामुळे
भिंतीतल्या भोकांशी आपलं काही काम नाही.
रुसलेल्या स्क्रूला शिव्या नाही, तेल द्यायचं.
आणि दुसऱ्याच्या हातातलं काढून घ्यायचं नाही,
तो कितीही चुकत असला तरी.
तिसरा सगळ्यात अवघड. मलाही.

भोसरीला एकवीस वर्षं मी मोटारी भरल्या.
तांब्याच्या तारेचे वेढे मोजता मोजता
घरातली भांडणंसुद्धा आकड्यांत व्हायला लागली.
त्याच्या कितीतरी आधी, लहानपणी,
फ्यूज उडाला की आण्णा स्टुलावर,
दादा खाली, पक्कड द्यायला,
आणि मी. बॅटरी धर गं.
नीट धर. हलवू नको. कुठं बघतेस?
मी तिथंच बघत होते, जिथं हात होते.
उजेड माझा, दुरुस्ती त्यांची.

आज मिक्सरच्या बुडाचे चार स्क्रू निघाले.
तीन पटापट, चौथ्यानं अर्धा तास घेतला
आणि सगळ्यांकडून तेल.
आत वाळलेली चटणी,
एक झुरळ, कागदासारखं हलकं,
काळवंडलेली मोटर
आणि लवंगेएवढे दोन कार्बन.
"हे झिजलंय," विरू म्हणाला, "खोडरबरासारखं."
मी काहीच बोलले नाही.
आयटीआयला हे मला दुसऱ्या वर्षी कळलं होतं.
झुरळावरून मात्र मोठा वाद झाला,
पुरायचं की स्क्रूच्या डबीत ठेवायचं.
डबीत ठेवलं.

मग अल्मास आत वाकली, पार नाक टेकेपर्यंत,
आणि मागं न बघता हात हलवत म्हणाली,
"बाई, बॅटरी धरा ना.
नीट धरा. हलवू नका."

धरली.
हलली थोडी. तिनं च्यक् केलं.

बारा वाजता मिक्सर पुन्हा बंद केला,
कार्बन बुधवारी टापकीर गल्लीतून आणायचे ठरले,
आणि एक स्क्रू उरला.
सगळ्यांनी सगळी भोकं तपासली.
भरलेली होती.
तरी उरला.

संध्याकाळी प्रज्ञेशच्या आईचा फोन.
"झोपलाय हो, पण मूठ सोडत नाही."
म्हटलं, हळूच काढा. तोंडात जायला नको.
आणि फेकू नका.
उठल्यावर पहिलं तेच विचारेल.