ओळ सत्तेचाळीस

हिंगणा एमआयडीसी. मे महिना. दुपारचे दोन.
मीटिंगच्या खोलीत कूलर
पाण्यापेक्षा आवाजच जास्त फेकतोय.
पडद्यावर तक्ता :
काय बिघडू शकतं, बिघडलं तर कुणाचं काय होईल,
कितीदा बिघडतं,
आणि गेटबाहेर पडण्याआधी आपल्याला सापडतं का.
प्रत्येकाला एक ते दहा. सापडायला जितकं अवघड
तितका आकडा मोठा.
मग तिघांचा गुणाकार,
आणि भीती रेशनच्या दुकानासारखी रांगेत उभी करायची.
मी नवा होतो. मला हे फार आवडलं.

ओळ बारा : ट्रॉलीच्या ब्रेक ड्रमचा रंग सुटतो.
गांभीर्य तीन, घडणं सात, सापडणं चार.
चौऱ्याऐंशी.

ओळ सत्तेचाळीस : ओतकामात केसाएवढी चीर.
गांभीर्य दहा.
इथे निखाडेसाहेबांनी चष्मा काढून पुसला.
दहा म्हणजे काय ते कुणी बोललं नाही,
काटोलकडून संत्री भरून येणारी ट्रॉली,
उतार,
आणि खाली नुकतीच सुटलेली शाळा.
घडणं तीन. सापडणं दोन.
साठ.

गणितात चूक नव्हती.
रंगासाठी नवा बूथ मंजूर झाला.
चिरेपुढे मी टाइप केलं,
‘सध्याची व्यवस्था पुरेशी.’

चहा झाल्यावर सध्याची व्यवस्था बघायला गेलो.
ती लोखंडी टेबलाशी उभी होती,
कुंदाबाई गजभिये, पहिली पाळी,
कपाळावर रुमाल बांधलेला.
साखळीला टांगलेल्या ड्रमवर
पितळी हातोडीचा एक टोला, मान जराशी कलती.
टण्ण, आणि सूर चढत जायचा पार पत्र्यापर्यंत.
हिरवा खडू.
टण्ण. हिरवा.
टण्ण. लाल.
मला तिन्ही सारखेच ऐकू आले.

‘माठ घेता तवा वाजवून नाही पाह्यत का, सर?
तडकला माठ बद्द वाजते.
तसंच हाय हे.’
किती वर्षं करताय?
‘एकवीस. येत्या एकतीस जुलैला सुटून राह्यली मी.’

परत आलो तो तक्ता अजून उघडाच होता.
म्हटलं, दोनाचे नऊ करायला हवेत.
दोनशे सत्तर? निखाडेसाहेब म्हणाले,
आज तर आहेत ना त्या.
आणि मशीनची मागणी टाकलीय,
दीड वर्ष धरा.

मग रोज तीन वाजता, पाळी सुटली की
बाई पंधरा मिनिटं थांबायच्या. बस चुकायची.
मी ठोकायचो, त्या खडू पुढे करायच्या,
हिरवा की लाल, बोला.
जूनमध्ये एकदा मी पाठोपाठ चार हिरवे केले.
त्यांनी काही न बोलता तिसऱ्यावरची खूण
पदरानं पुसली.
तो ड्रम मी चहाच्या सुट्टीत तीनदा वाजवला.
तिसऱ्यांदा कुठे
सुराच्या शेपटाशी काहीतरी खरखरलं,
की मला तसं वाटलं.

इतवारीत माठ घेताना
सहावा वाजवला तेव्हा कुंभारीण म्हणाली,
घ्यायचा हाय का भजन करायचं हाय?

एकतीस जुलैला शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
निखाडेसाहेब चार शब्द बोलले,
त्यात चीर नव्हती, रंग होता पुष्कळ.
जाताना बाईंनी हातोडी टेबलावरच ठेवली.
दांड्याला चिंधी गुंडाळलेली,
अंगठ्याच्या जागी काळी पडलेली.

एक ऑगस्टला सकाळी, पाळी सुरू होण्याआधी
मी तक्ता उघडला. ओळ सत्तेचाळीस.
सापडणं : चार लिहिलं.
आपल्याच कानाला चार.
खोडलं. पाच.
खाली शेडमध्ये साखळी खडखडली,
कुणीतरी पहिला ड्रम टांगला.
सहा.
एकशे ऐंशी.
ओळ उडी मारून सगळ्यांच्या वर जाऊन बसली,
आणि मी दोन्ही खडू खिशात टाकून
जिना उतरलो.