तळाचं वय

दोन महिने जहाजावर काढून परतले तेव्हा
बॅगेत मिठानं ताठ झालेले कपडे होते
आणि एका बाटलीत चमचाभर चिखल,
अरबी समुद्राखालचा, साडेतीन हजार मीटरवरचा.

अण्णांनी बाटली ट्यूबलाइटखाली धरली.
शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं लोखंड ओतलेला माणूस,
भुवया कधीच भट्टीनं नेलेल्या.
"समुद्र बघितलाय मी," म्हणाले, "मालवणला.
पर वरनं वरनं."

मग मी सांगायला बसले.
भर समुद्रात एक डोंगररांग आहे, पुरती बुडालेली,
तिच्या माथ्यावर फट.
फटीतून रस वर येतो, गार पाण्याला भिडतो
आणि कातडी धरतो.
"साय," अण्णा म्हणाले. "लॅडलवर धरती तशी."
हो, साय. आतला रस तीच फोडून पुढे सरतो, पुन्हा साय,
उशांसारखे दगड होतात, एकावर एक,
काळोखात, कुणी बघत नसताना,
आणि नवा तळ जुन्याला दोन्हीकडे सारतो.

"सारतो म्हंजे किती?"

मी त्यांचा अंगठा हातात घेतला.
पौषात त्यावर साच्याची पेटी पडली होती.
काळं नख गेलं, नवं पुरतं यायला आषाढ उजाडला.
एवढंच, म्हटलं.
तेवढ्या दिवसांत समुद्रही
जवळपास एवढाच रुंदावला.

अण्णा बराच वेळ नखाकडे बघत राहिले.

चुंबकाचं मात्र त्यांना सांगावं लागलं नाही फारसं.
रस थिजताना त्यातले लोखंडी कण
त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून राहतात,
आणि उत्तर कधीकधी, लाखो वर्षांनी, दक्षिण होते.
म्हणून तळावर पट्टे आहेत, उलटे, सुलटे, उलटे,
फटीच्या दोन्ही अंगांना सारखेच,
इरकलीच्या दोन काठांसारखे.
"म्हंजे हीट नंबर," अण्णा म्हणाले.
"कास्टिंगवर आमी उठवतो त्यो.
कवा ओतलं, कुठल्या घाण्यातलं, सगळं त्यात."
हेच कळायला मला विद्यापीठात दोन वर्षं लागली होती.

"चिखलाचं काय कवतिक," आई आतून.
"पायरीच्या फटीत बघ की.
खाली एकोणीस सालचा, वर एकवीसचा.
खरवडून हात गेले माझे."
खरं होतं. शुक्रवार पेठेत
नदी एका रात्रीत बोटभर थर ठेवून जाते.
तिथं खाली बोटभर साचायला
हजार वर्षंसुद्धा कमी पडतात:
धूळ, वाऱ्यानं आणलेली,
आणि डोळ्यांना न दिसणारे शंख, मरून पडणारे, संथ.
पण आपला गाळ या बाटलीत नाही, आई.
गगनबावडा उतरला की समुद्र, इतका जवळ,
तरी पंचगंगा त्याला पाठ दाखवून
वाडीला कृष्णेत शिरते
आणि आपली माती पार दुसऱ्या समुद्रात नेऊन टाकते.

जेवताना अण्णांनी मध्येच विचारलं,
"नवा हुतोय, तर जुना कुठं जातोय?"
काही समुद्रांच्या कडेला खोल चर आहेत.
गार झालेला, जड झालेला तळ तिथं वाकून
पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो.
वीस कोटी वर्षांहून जुना तळ शोधून सापडत नाही फारसा.
"भंगार," ते खूश होऊन म्हणाले. "परत भट्टीत."
तसंच नाही, म्हणणार होते मी,
तो सरळ वितळत नाही, आधी त्याच्यातलं पाणी सुटतं,
वरचा खडक त्या पाण्यानं वितळतो,
पण त्यांनी भाकरीचा तुकडा
आमटीत बुडवून तोंडात टाकला होता.

दुसऱ्या दिवशी बाटली त्यांच्याबरोबर पाळीला गेली.
रात्री परत आली ती थोडी हलकी.
"सातापा सुतारानं चव घितली," म्हणाले.
"खारट हाय म्हनला, आन् कचकच लागतीय.
मी म्हटलं, हळू चाव.
हजार वर्षं हायती."