म. रे.

बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावर एक गाव होतं,
इंग्लंडातलं. निळं पाणी, उतारावर पांढरी घरं,
आणि एका कुटुंबाची शिडाची होडी:
बाप सुकाणूवर, आई टोपी धरून,
दोन पोरं, एक कुत्रा, सगळे एकाच दिशेला हसणारे.
भुसावळ सोडून जाताना रॉड्रिक्स ड्रायव्हरनं
तो डबा अण्णांना दिला. आत फक्त बटणं होती.

अण्णा वॅगनी रंगवायचे. समुद्र पाहिला नव्हता,
पण निळा रंग कितव्या हाताला बसतो ते ठाऊक होतं.
जेवताना झाकण समोर लागायचं.
एका मे महिन्यात म्हणाले, यंदा सुट्टीला शिडानं जायचं.
कुठं?
हतनूरच्या पाण्यात.
आई म्हणाली, मी नही येत.
आणि पहाटे उठून कळण्याच्या भाकरी थापल्या.

झिपरू भोईची होडी, दिवसाचे वीस रुपये.
शीड म्हणजे केळीच्या वॅगनवरची जुनी ताडपत्री
बांबूला सुतळीनं आवळलेली,
आणि उलटी बांधली गेल्यामुळे
मधोमध शीर्षासनात दोन अक्षरं.
यशोदामावशीनं मान वाकडी करून वाचलं, मरे.
"कोन मरे, व माय?"
"मध्य रेल्वे," अण्णा म्हणाले, फार गंभीरपणे.
हिरामण पाण्यात पडता पडता राहिला.

वारा नव्हता.
उन्हानं पाणी उतरलेलं, ताडपत्रीला केळीच्या चिकाचा वास.
झिपरू काठावर बाभळीखाली झोपला.
अण्णांनी झाकण मांडीवर घेतलं, नकाशा घ्यावा तसं.
आम्ही भाकरी खाल्ली. वारा नव्हता.
डांगर खाल्लं, साली पाण्यात सोडल्या,
त्यासुद्धा कुठे गेल्या नाहीत, आमच्याबरोबर थांबल्या.

मग अण्णांनी बांबू खाली घातला
आणि टक्क वाजलं.
चिखल नव्हे, दगड.
आई तोवर पाठ करून बसलेली.
तिनं काठावरची टेकडी बघितली, मग पलीकडची,
मग म्हणाली, "उत्तमच्या गिरणीचा ओटा असंल."

"नही," मावशी म्हणाली, "गिरणी तठी व्हती. हा चावडीचा."
"चावडी कशी? चावडीपासून लिंब दिसे."
दोघी भांडल्या, भर पाण्यात,
एका गल्लीवरून.
आई जिंकली. तिनं बांबू मागितला.
"डावीकडे घ्या. इथं उतार हाये. आता सरळ.
थांबा, विहीर आली, बांबू टेकणार नही."
खरंच टेकला नाही. तिचा हात कोपरापर्यंत बुडाला
आणि खाली काहीच नव्हतं.
"कुणाची विहीर?" मी विचारलं.
"आपली," आई म्हणाली, आणि पदराला हात पुसला.

वारा आला पाचच्या सुमाराला,
सातपुड्याकडून, न विचारता.
ताडपत्री फुगली, म. रे. ताठ झाले.
अण्णा ओरडले, सुकाणू! सुकाणू नव्हतंच.
होडी गिरणीवरून, लिंबावरून, शाळेवरून
अशी सुटली की आईला नावं घ्यायला वेळ पुरेना.
डोक्यावरचा पदर तिनं मुठीत धरलेला
आणि तोंड झाकणावरच्या बाईसारखं नव्हतं.
दात दिसत होते एवढं मला आठवतं.
मावशीला विचारलं तर ती दरवेळी वेगळं सांगते.

आम्ही टरबुजाच्या वाडीत रुतलो, नको त्या काठावर.
झिपरू शिव्या देत चालत आला.
"वीस रुपये बसायचे. वाऱ्याचे पाच अलग."
अण्णांनी दिले. पावती मागितली नाही,
रेल्वेच्या माणसाला ते जड गेलं असणार.

झाकण आता माझ्याकडे आहे.
त्या गावाला गंज लागलाय, खालून वर,
पाणी चढावं तसा. कुत्रा गेला, बाप कमरेपर्यंत.
परवा आई चष्मा पुसून बघत बसली होती.
"यायच्या गावची मानसं," तिनं विचारलं,
"कुठी बसवली, व?"